बाहेरून येणारे, बाहेर जाणारे: बडोद्यात सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी गेली बावीस वर्षं मकरपुरा, वाघोडिया, सावली इकडच्या लहान युनिट्सचं पीएफ, लेबर लायसन्स, रिटर्न वगैरे काम बघते. त्यामुळे दिवसा शेठ लोकांचे फोन येतात की ताई लेबर मिळत नाही, नि संध्याकाळी दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या काकूंचे येतात की मुलाने कॅनडाची फाईल टाकलीये, आता ते लोक नियम बदलतायत म्हणे, काय करायचं. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदा सगळी उत्तरं एका जागी लिहून टाकते. सोपे आधी, किचकट शेवटी. घाई असेल तर निदान ५ वा वाचा, बाकी बरंचसं त्याच्याच आसपास फिरतं.

१. मायग्रेशन पॉलिसी म्हणजे व्हिसाच ना? मग भारतातल्या भारतात फिरणाऱ्यांचा त्यात काय संबंध?

व्हिसा हा एक तुकडा झाला. कोणी यायचं, कुठलं काम करायचं, बायको-पोरं आणता येतात का, नोकरी सुटली तर थांबता येतं का, हे ज्या नियमांनी ठरतं ती सगळी पॉलिसी. देशाच्या आत घटनेचं कलम १९ आहे, कुठेही जा, राहा, धंदा करा, त्यामुळे बिहारहून बडोद्याला यायला कोणाची परवानगी लागत नाही. पण आल्यावर रेशन कुठल्या दुकानात, पोराला शाळेत घेणार का, मत कुठे टाकणार, ठेकेदाराकडे लायसन्स आहे का, हे पण नियमच, फक्त स्टेशनवर कोणी तपासत नाही.

आणि एक गंमत. २०११ च्या जनगणनेत ४५ कोटींवर लोक स्थलांतरित निघाले, पण राज्य ओलांडलेले त्यात साधारण साडेपाच कोटीच. बाकीचे राज्यातल्या राज्यात, आणि सगळ्यात मोठा गट लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा. माझं माहेर ग्वाल्हेर, म्हणजे मी पण त्यात आले, नि तेही राज्य ओलांडून.

२. बाहेरचे आले की आपल्यांच्या नोकऱ्या जातात नि पगार पडतात, साधं गणित आहे ना?

साधं वाटतं, पण कारखान्यातल्या जागा म्हणजे काही थाळीतल्या पुऱ्या नाहीत की एकाने घेतली म्हणून दुसऱ्याची गेली. आलेला माणूस काम करतो तसा खर्च पण करतो. माणेजा, वडसर बाजूला किती जणांनी माडीवर ओरड्या (लहान खोल्या) बांधून भाड्याने दिल्या, सेव उसळवाले, मोबाईल रिचार्जवाले, टिफिनवाल्या बायका, हे सगळे कोणाच्या जिवावर चालतात ते बघा.

यावर सगळ्यात जास्त भांडलेलं उदाहरण मायामीचं. १९८० मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर या काळात क्युबातून सव्वा लाख लोक बोटींनी अमेरिकेत उतरले, त्यातले जवळपास निम्मे मायामीतच राहिले, शहरातले कामगार एकदम ७ टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये हिशोब मांडला तर स्थानिकांच्या पगारावर नि बेकारीवर जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. याच कार्डना पुढे २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण जॉर्ज बोर्हास यांनी तोच डेटा परत काढून दाखवलं की ज्यांनी हायस्कूलसुद्धा पूर्ण केलं नव्हतं अशा पुरुषांचे पगार चांगलेच पडले, मग तिसऱ्यांनी म्हटलं तुमचा नमुनाच फार लहान आहे. ते भांडण चालूच आहे.

माझ्या नजरेने बघाल तर, फटका बसलाच तर तो पहिल्यांदा कालपरवा आलेल्यालाच बसतो. नवीन पोरगा आला की जुन्या ओडिया हेल्परचा ओव्हरटाईम कमी होतो. ऑफिसात बसलेल्या पाटणकरांचा होत नाही, तरी जास्त तावातावाने बोलतात पाटणकरच.

३. मग बाहेरच्यांना बंदच केलं तर मालकाला पगार वाढवून लोकल माणूस घ्यावाच लागेल?

हे प्रत्यक्ष करून झालंय. अमेरिकेत १९४२ पासून मेक्सिकोचे शेतमजूर करारावर आणायची योजना होती, ब्रासेरो नावाची. अमेरिकन मजुरांचे पगार वाढतील म्हणून ती १९६४ संपताना बंद केली. मायकेल क्लेमेन्स, ईथन लुइस आणि हॅना पोस्टेल या तिघांनी नंतर राज्याराज्यांचे आकडे लावून बघितले, तर जिथे मेक्सिकन जास्त होते तिथले पगार काही वेगळे वाढले नाहीत. शेतकऱ्यांनी टोमॅटो तोडायची मशीन आणली, आणि ज्या पिकाला मशीन नव्हती ते पीक कमी केलं.

आपल्याकडे पण तेच बघते. लॉकडाऊननंतर वेल्डर परत आले नाहीत तर माझ्या एका पार्टीने दर वाढवण्याऐवजी अर्धं काम राजकोटच्या जॉबवर्कवाल्याला देऊन टाकलं. मालकाकडे पगार वाढवण्याशिवाय चार रस्ते असतात हे लोक विसरतात.

४. आमचे शेठ म्हणतात लोकल पोरं कामच करत नाहीत, म्हणून भैय्या ठेवावे लागतात. खरंय का?

अर्धं. "लेबर मिळत नाही" हे वाक्य मी रोज ऐकते नि दर वेळी विचारते, किती पगारात? की समोरून शांतता. त्या पगारात, बारा तासाच्या शिफ्टला, जूनच्या गरमीत भट्टीपुढे उभा राहणारा मिळत नाही असं ते पूर्ण वाक्य आहे.

पण पगार वाढवूनही काही गोष्टी लोकल मुलगा देऊ शकत नाही हे पण खरं. त्याच्या घरी लग्न असतं, गणपती असतात, आजीला डॉक्टरकडे न्यायचं असतं. बाहेरून आलेला माणूस गेटपासून दहा मिनिटांवर राहतो, रात्री अकराला फोन केला तरी येतो, कारण त्याचं इथे दुसरं काही नाही. (छठ आणि होळीला मात्र सगळं प्लांट रिकामं, तेव्हा हेच शेठ डोक्याला हात लावून बसतात.) वर त्याच्याकडे सोडून जायला दुसरी जागा पटकन नसते. मालकाला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते नि तो ती कधीच तोंडाने बोलत नाही. पुढचा प्रश्न त्यासाठीच.

५. मालकाला बांधलेला व्हिसा म्हणतात ते काय असतं? त्याने एवढा काय फरक पडतो?

सगळा फरक त्यानेच पडतो असं माझं मत झालंय. देशात किती लोक घेतले यावर टीव्हीवर मारामारी होते, पण आलेल्या माणसाची दोरी कोणाच्या हातात दिली हे कोणी विचारत नाही.

अमेरिकेचा एच-वन-बी (शिकलेल्या नोकरदारांचा व्हिसा) कंपनीच्या नावाने असतो, नोकरी गेली की दुसरा मालक शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. कॅनडात क्लोज्ड वर्क परमिट असतं, ज्याचं नाव परमिटवर त्याच्याकडेच काम. आखातात कफाला, म्हणजे मालकच तुमचा जामीन, तिथे तर जुन्या मालकाच्या एनओसीशिवाय नोकरी बदलता यायची नाही, कतारने ती अट २०२० मध्ये काढली. आता असा बांधलेला माणूस पगार वाढवून मागेल का? नाही मागणार. मग त्याच्या शेजारच्या टेबलवरचा स्थानिक माणूस मागेल तर मालक म्हणेल, जा बाबा, हा आहे की. पगार खाली ओढला जातो तो असा. सोडून जायची मोकळीक असेल तर तोच बाहेरचा माणूस बाजारभावाने पैसे घेतो आणि शेजारचा पण सुखात राहतो.

इथे व्हिसा नाही पण दोरी आहेच. ठेकेदार गावाहून आणताना उचल देतो, ओरडी त्याचीच, गॅसचा बाटला त्याचा, आधार कार्ड "जमा" त्याच्याकडे. असा माणूस सुरत काय नि बडोदा काय, हलूच शकत नाही. आणि सरकारं पण कधी कधी दोरी ओढतात. १ मे २०२० पासून श्रमिक स्पेशल गाड्या सुटायला लागल्या, तेव्हा कर्नाटकात बिल्डर लोकांची मुख्यमंत्र्यांबरोबर बैठक झाली नि त्याच सुमारास राज्याने रेल्वेला गाड्या नकोत म्हणून कळवलं, बोंब झाल्यावर परत चालू केल्या. काम पाहिजे, माणूस घरी जायला नको.

६. मुलगा कॅनडात आहे, एजंट म्हणतो एलएमआयए काढून देतो, एवढे लाख लागतील. देऊ का?

नाही. एलएमआयए म्हणजे मालकाने तिथल्या सरकारला दाखवायचं असतं की मला कॅनडियन माणूस मिळत नाही. त्याची फी मालकाने भरायची, कामगाराकडून वसूल करणं तिथे गुन्हा आहे. पैसे घेऊन विकतात कारण दोरीला (प्रश्न ५) भाव आहे.

शिवाय आता त्याचा उपयोग पण कमी झालाय. २५ मार्च २०२५ पासून एक्सप्रेस एंट्रीमध्ये (पॉइंट मोजून पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, द्यायची पद्धत) नोकरीच्या ऑफरचे जादा पॉइंट काढून टाकले, त्या पॉइंटसाठीच तर लोक लाखो ओतत होते. आणि २६ सप्टेंबर २०२४ पासून ज्या मोठ्या शहरांत बेकारी ६ टक्के किंवा जास्त आहे तिथे कमी पगाराच्या कामांचे अर्ज घेतच नाहीत, शेती, बांधकाम, फूड प्रोसेसिंग, हॉस्पिटल अशी काही सोडून. मुलाकडून मालक पैसे मागत असेल किंवा छळत असेल तर अशा कामगारांसाठी २०१९ पासून वेगळं ओपन परमिट आहे, ते बघायला सांगा. एजंट हे सांगणार नाही, त्यात त्याचं कमिशन नाही.

७. पण कॅनडाने असं एकदम तोंड का फिरवलं? आधी तर बोलावत होते.

लोकांचं मत फिरलं म्हणून. एन्व्हायरॉनिक्स नावाची संस्था दर वर्षी विचारते, बाहेरचे लोक फार जास्त येतायत का. २०२२ मध्ये २७ टक्के हो म्हणाले, २०२४ मध्ये ५८ टक्के. दोन वर्षांत दुप्पट. आणि राग नोकरीपेक्षा घराचा जास्त होता, भाडं परवडत नाही, डॉक्टरचा नंबर लागत नाही. कॉलेजांनी फीच्या लोभाने वारेमाप पोरं भरली, दुकानदारांना स्वस्तात पार्टटाईम मिळाले, दोघं खुश, नि राहायचं कुठे याचा विचार कोणी केला नाही.

मग सरकारने एकामागून एक दारं लावली. जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परमिटवर मर्यादा, जीआयसीची (राहण्याच्या खर्चासाठी तिथल्या बँकेत आधी ठेवायची) रक्कम १०,००० वरून २०,६३५ डॉलर, ८ नोव्हेंबर २०२४ ला आपल्या पोरांचा लाडका एसडीएस (विद्यार्थी परमिट झटपट मिळायचा) रस्ता बंद, २०२५ चं पीआरचं टार्गेट ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजार. बडोद्यात आयेल्ट्सच्या क्लासेसवाल्यांचे बोर्ड एका वर्षात "कॅनडा"वरून "जर्मनी" झाले, ते तुम्ही पण बघितलं असेल.

८. अमेरिकेने एक लाख डॉलर फी लावली म्हणजे आता सगळ्यांनाच भरायची?

नाही. सप्टेंबर २०२५ चा तो आदेश अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी टाकलेल्या नवीन एच-वन-बी अर्जांना आहे, आधीपासून तिथे असलेल्याच्या रिन्युअलला नाही. वर्षाचा कोटा तोच, ६५,००० आणि तिथे मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० जादा. मोठी कंपनी काम हैदराबाद-पुण्याच्या ऑफिसला सरकवेल, लहान कंपनी माणूस घेणंच सोडेल. तिसऱ्या प्रश्नातला टोमॅटो आठवा.

९. मग यूके नि जर्मनीचं काय?

यूकेचा उलटा प्रवास चाललाय. स्किल्ड वर्करचा किमान पगार एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० वरून ३८,७०० पौंड, जुलै २०२५ मध्ये ४१,७०० केला, आणि म्हाताऱ्यांची सेवा करायला बाहेरून माणसं आणायचा रस्ता तेव्हाच नवीन लोकांसाठी बंद केला. त्या केअर होम्समध्ये पगार कमी म्हणून ब्रिटिश येत नाहीत, आणि पगार वाढवायला पैसे सरकारच देत नाही, म्हणजे एका हाताने माणूस बंद, दुसऱ्या हाताने पैसे बंद.

जर्मनी सध्या घेतेय, कुशल भारतीयांसाठी वर्षाला २०,००० चे ९०,००० व्हिसा करायचं त्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ठरवलं. पण भाषा शिका बाबांनो, ए-वन (जर्मन भाषेची पहिली पायरी) करून नर्स नाही होता येत.

१०. आपला वेल्डर कुवेतला जायचं म्हणतो, नववी शिकलाय. त्याला पण हेच नियम?

त्याला आधी आपल्याकडचेच नियम. दहावी नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर (जाण्याआधी तपासणी लागते असा शिक्का) येतं, नि आखातासकट १८ देशांत कामाला जायला १९८३ च्या कायद्याखाली एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, ई-मायग्रेट पोर्टलवर. परवानाधारक एजंट ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. जास्त मागतो म्हणजे एजंट खोटा किंवा लोभी. व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देतो म्हणाला तर सरळ उठून या.

११. जिथे बाहेरचे जास्त, तिथे राग जास्त, असंच असतं ना?

असतं पण नि नसतं पण. स्वित्झर्लंडमध्ये ९ फेब्रुवारी २०१४ ला बाहेरच्यांवर कोटा लावायचा का म्हणून मतदान झालं, ५०.३ टक्क्यांनी हो झालं. झ्युरिक, जिनिव्हासारखी परदेशी लोकांनी भरलेली शहरं नको म्हणाली, खेडी हो म्हणाली. आता कोणी म्हणेल बघा, ज्यांनी माणूस बघितलाच नाही ते घाबरतात. पण तिचिनो भागात रोज इटलीतून हजारो लोक कामाला येतात, तिथे सगळ्यात जास्त हो पडलं. म्हणून एका वाक्यात उत्तर देणाऱ्यापासून लांब राहा.

माझ्या मते लोकांना आकडा कळत नाही, लगाम कोणाच्या हातात आहे हे कळतं. ब्रेक्झिटच्या मतदानानंतर इंग्लंडात या विषयाची चिंता झपाट्याने कमी झाली, येणारे मात्र पुढच्या काही वर्षांत उलट वाढले. मग आलेले वजा गेलेले हा आकडा वर्षाला ९ लाखांच्या वर गेला, छोट्या बोटींतून येणाऱ्यांचे फोटो रोज पेपरात यायला लागले, नि राग परत आला.

आपल्या इथलं पण बोलू. सप्टेंबर २०१८ च्या शेवटी हिंमतनगरजवळ एका तान्ह्या मुलीवर अत्याचार झाला, आरोपी बिहारचा निघाला, नि ऑक्टोबरमध्ये उत्तर गुजरातमध्ये दिसेल त्या हिंदीभाषकाला मारहाण सुरू झाली, हजारो लोक गाड्या भरभरून गेले. त्या आठवड्यात मला शेठ लोकांचे जेवढे फोन आले तेवढे कधीच नाहीत. आदल्या दिवशी "यांनी शहर घाण केलं" म्हणणारे दुसऱ्या दिवशी "ताई, यांना पोलीस प्रोटेक्शन मिळेल का" विचारत होते.

आणि मालकाला कामाला माणूस पाहिजे, पण सोसायटीला राहायला नको, ही तऱ्हा काही नवी नाही. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत आले, हुद्दा होता, पगार होता, खोली कोणी देईना. पारशी धर्मशाळेत उतरले तिथून पण काढलं, कमाटीबागेत झाडाखाली बसून राहिले. कारण जातीचं होतं, प्रांताचं नव्हतं, तेव्हा दोन गोष्टी एक करत नाही. पण आज मकरपुऱ्यात कामाला आलेल्या बाहेरच्या मुलासाठी खोली बघायला गेले की "कुठला आहे?" हा पहिला प्रश्न येतो तेव्हा मला ती बाग आठवते.

१२. गुजरातमध्ये ८५ टक्के लोकल ठेवावेच लागतात का? इन्स्पेक्टर आला तर?

१९९५ चा सरकारी ठराव आहे, ८५ टक्के कामगार नि मॅनेजर-सुपरवायझरमध्ये ६० टक्के स्थानिक. पण तो ठराव आहे, विधानसभेने केलेला कायदा नाही. सबसिडी, सवलत घेताना अट म्हणून पुढे येतो, तेव्हा अर्ज नीट वाचून सही करा. हरियाणाने खरोखर कायदा केला होता, ३०,००० पर्यंतच्या नोकऱ्यांत ७५ टक्के लोकल, तो हायकोर्टाने १७ नोव्हेंबर २०२३ ला घटनाबाह्य म्हणून रद्द केला. कर्नाटकने जुलै २०२४ मध्ये बिल आणलं नि आयटीवाले ओरडल्यावर दोन दिवसांत बासनात ठेवलं. लोकांना मात्र अशी घोषणा फार आवडते, म्हणून दर निवडणुकीला परत येईल.

१३. आपण मराठी, पाच पिढ्या बडोद्यात. मग आपण लोकल की बाहेरचे?

कागदावर लोकल, तिथे वास्तव्य बघतात, मातृभाषा नाही. बाकी सयाजीराव महाराज स्वतः नाशिककडच्या कवळाण्याचे, १८७५ मध्ये बाराव्या वर्षी दत्तक येऊन गादीवर बसले, त्यांचे दिवाण टी. माधवराव तंजावरकडचे. तेव्हा आपल्यातलं कोणी "हे बाहेरचे" म्हणून सुरू झालं की मी चहा आणायला उठते.

१४. माझ्याकडे आठ-दहा यूपी-बिहारचे आहेत. मला वेगळा काही कायदा लागतो?

दहा झाले की लागतो. जुना १९७९ चा कायदा पाच माणसांना होता, पण फक्त ठेकेदाराने आणलेल्यांना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झालेत, त्यात संख्या दहा केली पण आपणहून आलेला माणूस पण धरला, १८,००० पर्यंत वेतन असेल तर. गेल्या बारा महिन्यांत एका दिवशी जरी दहा झाले असतील तरी मोजतात, म्हणून "आज तर नऊच आहेत" चालणार नाही. वर्षातून एकदा गावी जायचं-यायचं भाडं एकरकमी द्यायचं. जुन्या कायद्यातला अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढा विस्थापन भत्ता मात्र गेला, कामगाराचं तिथे नुकसान झालं.

१५. माझे निम्मे लोक दाहोदचे, निम्मे झाबुआचे. सगळे आदिवासी, सगळे एकाच गाडीतून येतात. सगळ्यांना भाडं द्यायचं?

कायद्याने फक्त झाबुआवाल्यांना, कारण ते मध्य प्रदेशचे. दाहोद गुजरातमध्ये, म्हणून ते आंतरराज्य कामगारच नाहीत. बोली तीच, सोयरिकी पण एकमेकांत, कडियानाक्यावर (मजूर रोजच्या कामासाठी उभे राहतात तिथे) उभे पण शेजारी शेजारी, नि गावं कधी कधी वीस-पंचवीस किलोमीटरवर. दहाची मोजणी करताना पण दाहोदवाले धरू नका (प्रश्न १४), मात्र किमान वेतन, पीएफ, ओव्हरटाईम सगळ्यांना सारखंच. एका शेठने मला विचारलं, मग झाबुआवाले कमी करून दाहोदचे वाढवू का, भाडं वाचेल. म्हटलं शेठ, ते दोघं साडू आहेत, एकाला काढलं तर दुसरा पण होळीनंतर यायचा नाही. त्यांनी मग दोघांना भाडं दिलं.